कांद्याच्या मुळातली मध्यावस्था आता स्वच्छ दिसते

मंडळी, पेशी कशी विभागते ते सूक्ष्मदर्शकात बघायला केलेल्या कांद्याच्या मुळांच्या स्लाइड्स आता मनासारख्या यायला लागल्या आहेत. मध्यावस्थेतली, म्हणजे गुणसूत्रं (डीएनएच्या गुंडाळलेल्या काड्या) मध्यावर ओळीने लागलेली चांगली पेशी सापडली की सोळाच्या सोळा गुणसूत्रं सुटी मोजता येतात.

कृती बहुतेकांना ठाऊक आहे. मंडईतले छोटे कांदे, बुडाची वाळकी मुळं खरवडून, पाण्याला जेमतेम टेकतील असे पेल्यावर ठेवायचे. पुण्याच्या थंडीत मुळं रेंगाळतात, तेव्हा पेला स्वयंपाकघरातच बरा. टोकं सकाळी कापून तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये रात्रभर ठेवतो. खरा फरक पडला तो पुढच्या पायरीने. 60 अंशांच्या पाण्यात नळी ठेवून, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं. पेशींना एकमेकींशी चिकटवणारं पेक्टिन सैल होतं आणि मग कव्हरस्लिपवर, म्हणजे वरच्या पातळ काचेवर, पेन्सिलचं बूड हलकेच दाबलं तरी पेशींचा एकेरी थर पसरतो. रंग अ‍ॅसिटोकार्मिनचा. टोकाचा एक-दोन मिलिमीटरच घ्या; त्याच्या वर विभाजन जवळपास थांबलेलं असतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. एका पेशीत गुणसूत्रं मध्यावर ओळीने लागलेली होती, पण एक जण अजून कडेलाच. अशा पेशीला पुढे जाता येत नाही. प्रत्येक गुणसूत्र दोन्ही बाजूंच्या तुर्कतंतूंना (गुणसूत्रं ओढणाऱ्या धाग्यांना) नीट जोडलं जाईपर्यंत पश्चावस्था, म्हणजे गुणसूत्रांचे अर्धे भाग दोन टोकांकडे ओढले जाण्याची पायरी, सुरू होत नाही, आणि न जोडलेलं एकच गुणसूत्रही ‘थांबा’ असा रासायनिक संदेश सोडत राहतं. ही तपासणी कांद्यात आहे तशी माणसातही आहे. ती ढिली पडली की एका कन्यापेशीत गुणसूत्र जास्त, दुसरीत कमी. अनेक कर्करोगांच्या पेशींत नेमका हाच गोंधळ सापडतो. जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरीने 1914 मध्येच कर्करोगाच्या गाठींचं मूळ गुणसूत्रांच्या बिघाडात असावं असं मांडलं होतं, तेही समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्याच्या अंड्यांवरच्या कामातून. मला हे अजूनही थक्क करतं.

कर्करोगाची पेशी भराभर वाढते, असं सरसकट बोललं जातं. माझ्या मते त्यात मुद्दा निसटतो. आपल्या आतड्याच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या पेशी कितीतरी गाठींपेक्षा वेगाने विभागतात. फरक थांबण्यात आहे. डीएनएला इजा झाली की पी-53 हे प्रथिन पेशीला थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतं. साधारण निम्म्या मानवी कर्करोगांत त्याचंच जनुक बिघडलेलं असतं. पण एका बिघाडाने सहसा भागत नाही. वर्षानुवर्षं एकावर एक उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले बदल, साचावी लागतात, म्हणून वयाबरोबर धोका वाढतो. पेशीचक्र, म्हणजे पेशीची वाढीपासून विभाजनापर्यंतची फेरी, पुढे ढकलणारी मूळ यंत्रणा हार्टवेल, हंट आणि नर्स या शास्त्रज्ञांनी यीस्ट आणि समुद्री अर्चिनमध्ये उलगडली. 2001 चं नोबेल त्यासाठीच.

आपल्या सोसायट्यांच्या कुंड्यांतून बारमाही फुलणारी सदाफुली इथे आठवतेच. तिच्यातून मिळणारं व्हिन्क्रिस्टीन हे औषध तुर्कतंतू उभेच राहू देत नाही. पेशी मध्यावस्थेच्या उंबरठ्यावर अडकते आणि बहुधा मरते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही वापरलं जातं. कोल्चिसीन हे वनस्पतीतलंच रसायनही कांद्याच्या मुळात असंच करतं, पण ते जहाल विष आहे, कृपा करून घरी आणू नका.

कांद्याला पी-53 नाही आणि भक्कम पेशीभित्तिकेमुळे वनस्पतीच्या पेशी गाठीतून निसटून दुसरीकडे पसरतही नाहीत, एवढं लक्षात ठेवूनच या स्लाइड्स बघायच्या.

पुढच्या खेपेला मुळं काही तास कॅफीनच्या सौम्य द्रावणात ठेवणार आहे. त्यात केंद्रकाचे दोन भाग होतात पण मधली भिंत पुरी होत नाही, त्यामुळे एकाच पेशीत दोन केंद्रकं राहतात. मग मुळं साध्या पाण्यात परत ठेवून, तशी पेशी पुढच्या विभाजनात काय करते ते बघायचं आहे. कुणी हे केलं असेल तर किती तासांनी टोकं कापलीत, तेवढं कळवा.