आमची वाटचाल : ओट्याच्या ड्रॉइंगपासून फाइलच्या पाथपर्यंत

आमच्या पाटीवर अजून 'इंटिरियर ड्रॉइंग आणि थ्रीडी' असंच लिहिलेलं आहे. पाटी बदलायचं दर दिवाळीला ठरतं आणि दर दिवाळीला राहतं. प्रत्यक्षात आज निम्म्याहून अधिक काम वेगळंच आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये घराचं डिझाइन होतं, त्यासाठी छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे ठरावीक काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, लिहून द्यायच्या आणि त्या गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर चालत्या ठेवायच्या. लिहून देणारे नाशकात पुष्कळ आहेत. चालत्या ठेवायला लोक आम्हाला बोलावतात आणि बोलावण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : स्क्रिप्टला फाइल सापडत नाही.

सुरुवात २०१५च्या सिंहस्थाआधी झाली. पंचवटीतले लॉजवाले खोल्या नव्याने करून घेत होते आणि त्यांना आधी चित्र बघायचं असायचं. मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली. तो सिव्हिलचा डिप्लोमावाला, मी अंबडच्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये कटिंगचा हिशेब बघायचो. सिंहस्थ संपला, लॉजची कामं संपली आणि आम्ही पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोडच्या फ्लॅटांकडे वळलो. मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट, देवघर. देवघर ईशान्येला, शेगडी आग्नेयेला, बाकी सगळं बिल्डरने जागा ठेवली असेल तसं.

ड्रॉइंग स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये व्हायची. स्केचअपमध्ये रूबी भाषेतली स्क्रिप्ट चालते, त्यामुळे मॉडेलमधल्या प्रत्येक पॅनेलची लांबी-रुंदी उचलून कटिंग लिस्ट काढणं फार अवघड नव्हतं. आठ बाय चारच्या प्लायमधून कारकस (कपाटाचे खोके) किती निघतात, एजबँड म्हणजे कडेची पट्टी कुठल्या कडेला, सनमायका एका बाजूने की दोन्ही, हे मी वहीत लिहायचो ते एका बटणावर आलं. डिझायनर मंडळींना ते दिसलं आणि त्यांनी आपापल्या स्क्रिप्ट आमच्याकडे आणायला सुरुवात केली. कुणी कुठून उतरवलेली, कुणी भाच्याकडून करून घेतलेली.

त्यात गंगापूर रोडच्या एक ताई होत्या. "दादा, कालपर्यंत चालत होतं हो. नवा लॅपटॉप घेतला आणि बंद पडलं." स्क्रिप्ट उघडली तर लॅमिनेटच्या फोटोंचा पाथ, म्हणजे कॉम्प्युटरमधला पत्ता, पूर्ण लिहिलेला : सी ड्राइव्ह, युजर्स, मग ज्या पोराने ती लिहिली त्याचं नाव, मग डेस्कटॉप, मग 'न्यू फोल्डर'. जुन्या लॅपटॉपवर चालावी म्हणून ताईंनी त्या पोराच्या नावाचं फोल्डर मुद्दाम बनवून ठेवलं होतं. नव्या लॅपटॉपवर ते कोण बनवणार? ताईंची चूक काहीच नव्हती, उलट त्यांनी कमालीची सोय लावली होती.

अशा वेळी बहुतेक जण पूर्ण पाथ खोडून नुसतं 'लॅमिनेट, मग सागवान' असा अर्धा पाथ लिहितात. तेही टिकत नाही. अर्धा पाथ म्हणजे पत्ता सांगताना 'इथून डावीकडे वळा' म्हणण्यासारखं आहे. ऐकणारा नाशकात अशोक स्तंभाला उभा आहे की द्वारका चौकात, त्यावर तो कुठे पोचेल ते ठरणार. कॉम्प्युटरसाठी 'इथून' म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरात उभा असेल तिथून. स्केचअप आयकॉनवरून उघडलं तर ते एक असतं, मॉडेलवर डबल क्लिक करून उघडलं तर दुसरं असू शकतं. म्हणून आम्ही दोनच टेकू धरतो. स्क्रिप्टसोबत येणारं सामान स्क्रिप्टच्या स्वतःच्या जागेपासून मोजायचं, आणि कामाच्या फाइली त्या मॉडेलच्या जागेपासून. मॉडेल अजून सेव्हच केलेलं नसेल तर स्केचअप त्याचा पाथ रिकामा देतं. तसं झालं की आमची स्क्रिप्ट अंदाज बांधत बसत नाही, आधी सेव्ह करा म्हणून सांगते.

विंडोजच्या पाथमध्ये दोन फोल्डरांच्या मध्ये उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश असतो आणि त्याचा त्रास तर आपल्या गावाच्या नावातच आहे. विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टिमच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हते. ते १९८३च्या दुसऱ्या आवृत्तीत आले, तोवर साधा स्लॅश कमांडच्या पर्यायांसाठी वापरात होता, म्हणून फोल्डरांच्या वाट्याला बॅकस्लॅश आला. आणि रूबी, पायथन, ऑटोकॅडची ऑटोलिस्प, या तिन्ही भाषांमध्ये बॅकस्लॅशपुढच्या अक्षराला खास अर्थ असतो. धाकटा इंग्रजी एन आला की नवी ओळ, धाकटा टी आला की टॅब. आता नाशिक नावाचं फोल्डर आणि त्याच्या आत टाइल्स, सगळं धाकट्या लिपीत लिहून पाहा. डी ड्राइव्हनंतर ओळ मोडते, मग 'आशिक' उरतो, मग मोकळी जागा आणि 'आइल्स'. सातपूरच्या एका गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर हा एरर आला तेव्हा मावसभाऊ म्हणाला, फोल्डरचं नाव पुणे ठेवलं असतं तर निदान ओळ मोडली नसती, पण नाशिककराने ते का करावं? साधा स्लॅश लिहिला तरी या तिन्ही भाषा विंडोजवर निमूट चालवून घेतात. तुकडे जोडायला रूबीत तयार सोय आहे आणि पायथनमध्ये ३.४ आवृत्तीपासून पाथलिब आहे. हाताने स्लॅश चिकटवायची गरज राहिलेली नाही.

खरं काम मात्र नावांचं आहे.

स्क्रिप्ट लिहिणारे सगळे एक सूचना देतात : फोल्डरांची नावं इंग्रजीत ठेवा, मध्ये जागा सोडू नका. आम्ही हे गिऱ्हाइकाला सांगत नाही. जिच्या कॉम्प्युटरवर 'वहिनी किचन फायनल', 'फायनल नवीन' आणि 'पप्पांनी ओके केलेलं' अशी फोल्डर आहेत, तिला त्यातलं नेमकं कुठलं उघडायचं ते पाठ असतं. ती नावं बदलली की तिचंच काम अडतं. तेव्हा सवय स्क्रिप्टने लावून घ्यायची. हे आम्ही ठरवलं आणि आमचा धंदा खऱ्या अर्थाने तिथून वाढला, कारण मराठी नावांशी झटापट करायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

झटापट म्हणजे काय, ते सांगतो. इंदिरानगरच्या एका मुलीने आईचा लॅपटॉप कामाला घेतला होता. विंडोजमधलं खातं 'आई' या नावाने, देवनागरीत. खातं उघडताना जे नाव देतो त्याचंच घरफोल्डर बनतं आणि नंतर खात्याचं नाव बदललं तरी ते फोल्डर तसंच राहतं. स्केचअपचे प्लगइन, म्हणजे त्याला जोडलेल्या स्क्रिप्ट, याच घरफोल्डरच्या आत, ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात बसतात, म्हणजे तिच्या प्रत्येक स्क्रिप्टच्या पाथमध्ये 'आई' येणारच. जुन्या पद्धतीचे प्रोग्राम अक्षरं वाचायला सिस्टिमच्या कोड पेजवर, म्हणजे एखाद्या लिपीपुरत्या अक्षरांच्या तक्त्यावर, विसंबतात, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी सिस्टिमला लावता येईल असं कोड पेजच नाही, ती फक्त युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या एकत्र तक्त्यात. त्यामुळे अशा प्रोग्रामाला 'आई'च्या जागी दोन प्रश्नचिन्हं दिसतात. वर प्रश्नचिन्ह हे फाइलच्या नावात न चालणारं अक्षर, म्हणजे तो पाथ असणंच अशक्य. आम्ही स्केचअपमध्ये स्क्रिप्टचा पाथ हाती आला की सगळ्यात आधी त्यावर युटीएफ-८ची, म्हणजे 'हा मजकूर युनिकोडमध्ये आहे' अशी खूण लावतो आणि मगच पुढचं पाऊल टाकतो. एका ओळीचं काम आहे, पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तयार प्लगइनमध्ये ती ओळ नसते.

याहून छुपी गोष्ट जिन्याच्या कामात सापडली. लायब्ररीत 'पायऱ्या' नावाचं फोल्डर होतं, स्क्रिप्टमध्येही 'पायऱ्या' लिहिलेलं होतं, आणि स्क्रिप्ट म्हणत होती की असं फोल्डर नाही. डोळ्याला दोन्ही शब्द तंतोतंत सारखे. पण तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो : एका कीबोर्डवर मराठीसाठीचा वेगळा र आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. कॉम्प्युटरसाठी ती दोन निरनिराळी नावं. युनिकोडची नेहमीची सफाई केली तरी हा फरक जात नाही, कारण जोडचिन्ह तिला पुसता येत नाही. आम्ही दोन्ही नावं आधी एका रूपात आणतो आणि मग तुलना करतो. खुद्द फोल्डरला हात लावत नाही. आता 'पांढऱ्या पट्ट्या' असो की 'कोपऱ्यातली ट्रॉली', कुणी कसंही टाइप केलं तरी चालतं.

आकड्यांचंही तसंच. 'फ्लॅट १०१' मधला १०१ पायथनला कळतो, तो त्याचा सरळ एकशे एक करतो. रूबी त्याच मजकुराचा शून्य करते. एका बिल्डरच्या सगळ्या फ्लॅटांच्या कटिंग लिस्ट त्यामुळे फ्लॅट शून्यच्या नावाने एकावर एक लिहिल्या जात होत्या. हल्ली आम्ही मराठी अंक आधी बदलून घेतो आणि त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर तिच्यावर न विचारता लिहीत नाही.

एका ठिकाणी मात्र आमचा हट्ट चालत नाही. वर्कशॉपमध्ये माप इंच आणि सुतात बोलतात, त्यामुळे डिझायनर पॅनेलचं नावच 'शटर १८" बाय ३०"' असं ठेवतात. स्केचअपच्या आत ते बिनदिक्कत चालतं. स्क्रिप्टने प्रत्येक पॅनेलची वेगळी डीएक्सएफ फाइल, म्हणजे त्याच्या ड्रॉइंगची फाइल, काढायची म्हटली की विंडोज त्या इंचाच्या खुणेवर अडतं. तारखेतला स्लॅश, कोलन, प्रश्नचिन्ह, फुली म्हणून टाकलेला तारा, सगळे त्याच यादीत. तिथे नाव बदलावंच लागतं. आम्ही इंचाच्या जागी 'इंच' हा शब्द घालतो, कारण नुसती खूण उडवली तर मिस्त्रींना १८ आणि ३० मिलिमीटर वाटतील की काय ही भीती असते. अंबडचे मिस्त्री माझ्याहून जुने आहेत. ते म्हणतात, "साहेब, नाव लांब झालं तरी चालेल, वाचता आलं पाहिजे." लेबल प्लायवर चिकटवून त्यांना पॅनेल सॉवर, म्हणजे प्लाय कापायच्या मशीनवर, उभं राहायचं असतं.

नाव लांब होण्याचंही गणित आहे. विंडोजमध्ये पूर्ण पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची. त्यात काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'स्वयंपाकघर' दिसायला सहा अक्षरं, मोजणीला दहा. विंडोज १०च्या २०१६मधल्या आवृत्तीपासून ही मर्यादा उठवता येते, पण ती सोय विंडोजच्या आतल्या नोंदींत, म्हणजे रजिस्ट्रीत, जाऊन चालू करावी लागते आणि त्या त्या प्रोग्रामनेही ती मानावी लागते. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या गिऱ्हाइकांचे डेस्कटॉप वनड्राइव्हच्या (ऑनलाइन साठवणीच्या) फोल्डरात गेले आणि पाथ लांबले, झिप उघडताना एकाच नावाची फोल्डर एकात एक बसली आणि मर्यादा ओलांडायला काही लागेनासं झालं. त्या काळात आम्ही एकाही घरी न जाता स्क्रीन शेअर करून कामं उरकली. धंदा बसेल असं वाटलं होतं, उलट फोन वाढले.

रेंडरसाठी, म्हणजे मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढायला, पुढे ब्लेंडर हे सॉफ्टवेअर घेतलं आणि एक लिनक्सचं मशीन जोडलं. ब्लेंडरला टेक्स्चर, म्हणजे लाकूड-लॅमिनेटचा फोटो, सापडलं नाही की तो भाग गडद गुलाबी दिसतो. एका गिऱ्हाइकाचं सागवानी देवघर असं गुलाबी होऊन आलं तेव्हा त्यांच्या आजी म्हणाल्या, रंग बरा आहे, पण आपल्याकडे नको. कारण एवढंच की फाइलच्या नावात पहिलं अक्षर मोठं होतं, स्क्रिप्टमध्ये लहान. विंडोज या दोन्हींना एकच समजतं, लिनक्स समजत नाही. ब्लेंडरमध्ये पाथच्या सुरुवातीला दोन स्लॅश दिले की तो त्या ब्लेंड फाइलपासून मोजला जातो. ही पद्धत मला या सगळ्या सॉफ्टवेअरांत सर्वांत समंजस वाटते. स्वीट होम थ्रीडी हे घर मांडायचं सॉफ्टवेअर याहून पुढे जातं : त्याची फाइल म्हणजे एक झिपच असते, फर्निचर आणि टेक्स्चर तिच्या आतच. ज्यांना फक्त खोली मांडून बघायची आहे त्यांना आम्ही सरळ तेच वापरायला सांगतो. फुकट आहे, आणि त्यात आमची गरज पडत नाही हे आम्हीच सांगतो.

आज आम्ही चौघं आहोत. काम घेताना आधी कोड बघत नाही, गिऱ्हाइकाची फोल्डर बघतो : लायब्ररी कुठे, कामं कुठे, वर्कशॉपचा शेअर केलेला ड्राइव्ह एका मशीनवर झेड आणि दुसऱ्यावर वाय आहे का. असेल तर ड्राइव्हचं अक्षर सोडून सर्व्हरच्या नावाने पाथ धरतो. स्क्रिप्ट लायब्ररीची जागा एकदाच विचारते आणि लक्षात ठेवते. न सापडलेल्या फाइलचं पूर्ण नाव आणि कुठे शोधलं ते मराठीत दाखवते. नुसतं 'एरर' दाखवणारी स्क्रिप्ट आम्ही देत नाही.

सगळ्यात जास्त फोन स्केचअपची नवी आवृत्ती आली की येतात. प्लगइनच्या पाथमध्ये सालच असतं, त्यामुळे नव्या आवृत्तीचं प्लगइन फोल्डर वेगळं, आणि जुन्यातलं सगळं आपोआप तिकडे जाईलच असं नाही. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना एवढंच सांगणं असतं की नवी टाकल्यावर जुनी आवृत्ती लगेच काढू नका. आम्ही येऊन स्क्रिप्ट नव्यात बसवून, एक किचन पूर्ण कटिंग लिस्टपर्यंत चालवून दाखवतो, मग काढा. हे वर्षाच्या देखभालीतच धरलेलं आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत.