झंस्कारमध्ये राफ्टिंग करायचं तर चिलिंगहूनच उतरा

लेहच्या बाजारात 'झंस्कार राफ्टिंग' म्हणून पैसे घेतात आणि सकाळी गाडी फे गावाच्या काठाशी नेऊन उभी करतात. फे ते निम्मू हा पट्टा सिंधूचा आहे. सुंदर आहे, लहान मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन जायला उत्तम, पण ती झंस्कार नाही आणि तो घळीतला प्रवासही नाही. लडाखमधल्या झंस्कार नदीचा पट्टा चिलिंग गावापासून निम्मूला ती सिंधूला मिळते त्या संगमापर्यंत, साधारण 28 किलोमीटरचा. पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: राफ्ट पाण्यात कुठे उतरणार? उत्तर पावतीवर लिहून घ्या.

आमच्या पावतीवर नुसतं 'झंस्कार' होतं. फेच्या फाट्यावर गाडी डावीकडे वळली तेव्हा आम्ही ती थांबवली. मग सुरू झाली फोनाफोनी. "चिलिंग दूर है, डिझेल का अलग लगेगा", वेटसूटचे (थंड पाण्यात ऊब धरणारा रबरी पोशाख) वेगळे, व्हिडिओचे वेगळे. तासभर रस्त्यात वाद घालून शेवटी ठरल्या रकमेच्या जवळजवळ दीडपट मोजले. ही सरळ लूट आहे. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमं लडाखमध्ये चालत नाहीत, त्यामुळे गटात एकाकडे तरी पोस्टपेड नंबर हवाच. आमच्यात तो होता म्हणून निदान भांडता आलं.

संगमापासून वर चिलिंगला जाणारा रस्ता नदीला धरूनच आहे. पुढे तोच झंस्कार खोऱ्यातल्या पदुमला आणि तिथून हिमाचलमधल्या दारचाला जातो, एकूण 298 किलोमीटरचा. जाताना खिडकीतून पाणी नीट बघून घ्या. कुठे लाटा उभ्या राहतात, कुठे प्रवाह कड्यावर आपटतो, सगळं दिसतं.

आता मुख्य गोष्ट. या पट्ट्याची श्रेणी, म्हणजे पाणी किती अवघड ते एक ते सहाच्या मापात, दोन ते तीन सांगतात आणि ती बरोबर आहे. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलेल्यांना वाटतं, मग काय, तेवढंच. पण कुंडलिकेत पडलात तर हसत वर येता. इथलं पाणी हिमनद्यांचं आहे. घळ आवळते तिथे एकामागोमाग लाटा आल्या, राफ्टचं नाक वर गेलं आणि माझा मेहुणा उजवीकडून बाहेर फेकला गेला. पट्टीचा पोहणारा माणूस. सेफ्टी कयाकवाला, म्हणजे पडलेल्यांना वाचवायला एकट्याच्या छोट्या निमुळत्या नावेतून सोबत येणारा, क्षणात त्याच्यापाशी पोचला, कयाकच्या नाकावरची दोरी त्याच्या हातात दिली, आणि मेहुण्याची बोटं मिटेनात. दोरी तळहातावरून घसरली. दुसऱ्यांदा त्याने कोपराचा आकडा करून ती अडकवली तेव्हा कुठे काठाच्या शांत पाण्यात आला. ओठ निळे, शब्द फुटेना.

तो कयाकवाला तीन राफ्टना मिळून एकच होता. आमच्या नशिबाने तेव्हा तो आमच्याजवळ होता. सेफ्टी कयाक नसेल तर पैसे बुडाले तरी चालतील, राफ्टमध्ये बसू नका. यात तडजोड नाही.

वेटसूट पाण्यात उतरण्याआधी अंगावर घालून बघा. आम्हाला दिलेल्यांपैकी दोघांच्या चेनी तुटक्या होत्या, पाठीतून पाणी सरळ आत. बदलून मागा, हट्ट धरा. लाइफ जॅकेट खांद्याला धरून दुसऱ्याकडून वर ओढून घ्या. कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. पडलात तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पायाची बोटं पाण्याबाहेर. उथळ वाटलं तरी उभं राहायचं नाही, दगडात पाय अडकला की प्रवाह माणसाला खाली दाबतो.

कयाक शिकायला झंस्कार ही जागा नव्हे. ऋषिकेशजवळ शिवपुरीला शिका. उलटल्यावर डोकं बधीर करणाऱ्या पाण्यात पहिल्याच झटक्यात रोल घेता, म्हणजे आत बसल्या बसल्याच कयाक पुन्हा सरळ करता येत असेल, तरच इथे कयाकचा विचार करा.

निघायचं सकाळी लवकर. दुपारनंतर घळीत खालून वर वारा सुटतो, तो थेट तोंडावर. शेवटच्या टप्प्यात लाटा नाहीत, पण वल्हवून खांदे निखळायची वेळ येते. लेह 3500 मीटरवर आहे, विमानाने आलात तर पहिले दोन दिवस फक्त आराम. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी ऑगस्टचा उत्तरार्ध धरावा, तोवर पाणी उतरू लागतं.

एवढं सगळं होऊनही सांगतो, जाच. दोन्ही बाजूंना जांभळे-तांबडे उभे कडे आणि मधून धावणारं राखाडी पाणी, हे रस्त्यावरून बघणं आणि त्यातून जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी पुन्हा जाणार आहे, पण ठरवून, पदुमकडून अनेक दिवसांचा प्रवास करायला.

सुके कपडे, टॉवेल आणि थर्मासमधला गरम चहा गाडीत ठेवा. आणि ती गाडी निम्मूला खाली येणार की चिलिंगलाच थांबणार, हे ड्रायव्हरशी आधी पक्कं करा. आमची वरच राहिली होती.