काळ्या रेषेच्या वरच्या अंगाला

दिवस पहिला, वादी जवातीन

सेंट कॅथरीन गावातून आज सकाळी निघालो तेव्हा आम्ही सहा जण, आमचे वाटाडे, एक उंटवाला आणि दोन उंट असा आमचा तांडा होता. इजिप्तमधल्या दक्षिण सिनाईच्या या पर्वतांत स्थानिक बेदूईन, म्हणजे इथल्या अरब भटक्या टोळ्यांतला, वाटाड्या सोबत असावाच लागतो. आमचे वाटाडे साठीला टेकलेले, जबलिया टोळीतले आहेत. ‘जबल’ म्हणजे डोंगर, आणि म्हणून जबलिया म्हणजे डोंगरातली माणसे, एवढे त्यांनी पहिल्याच चढावर सांगितले आणि मग बराच वेळ ते गप्प राहिले. आपल्या पूर्वजांना सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने इथल्या मठाच्या राखणीसाठी पाठवले, असे ही टोळी परंपरेने सांगत आली आहे, आणि तो मठही त्याच जागी अजून नांदता आहे.

मी इथे रिकामेपण पाहायला आले होते, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. अबू जीफाची खिंड चढेपर्यंत मला हवे होते तेच दिसत राहिले. तांबूस ग्रॅनाइटचे उघडे डोंगर, मधूनच एखादे खुरटे झुडूप आणि आपल्याच पावलांचा आवाज. खिंडीपलीकडे उतरल्यावर मात्र दगड रचून बांधलेली एक उंच भिंत दिसली आणि त्या भिंतीवरून बदामाची पांढरी-गुलाबी फुले बाहेर डोकावत होती. पुढे तशीच आणखी एक बाग लागली, मग आणखी एक. मार्चचा पहिला आठवडा हा इथे बदामाच्या बहराचा काळ आहे. ज्या वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या दरीत, मुक्कामाला आलो तिचे नावच मुळी ऑलिव्हच्या झाडांवरून पडले आहे.

संध्याकाळी माझ्या हातून एक चूक झाली. बाटलीत अर्धा लिटरभर पाणी उरले होते, ते दिवसभर उन्हात तापले होते, म्हणून ते वाळूत ओतून टाकून मी कॅनमधले गार पाणी भरून घेतले. समोर बसलेल्या वाटाड्यांनी ते पाहिले. ते रागावले नाहीत. राखेत भाजलेली जाड रोटी झटकून त्यांनी तिचे तुकडे केले, सर्वांना वाटले, आणि चहा ओतताना मला एवढेच म्हणाले, “उद्या सकाळी इतरांच्या आधी उठा. हे पाणी कुठून येते ते तुम्हाला दाखवतो.”

मला त्यानंतर नीट झोप लागली नाही.

दिवस दुसरा, फर्श रुम्माना

पहाटे बाटलीच्या तोंडाशी बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. वाटाडे मला वादीच्या वरच्या बाजूला घेऊन गेले आणि समोरच्या उतारावर बोट दाखवून थांबले. तांबड्या ग्रॅनाइटमधून एक काळपट पट्टा, कोणी शाईने ओढावा तसा, शिखरापासून खाली उतरला होता आणि वादीच्या तळाखाली गडप होऊन पलीकडच्या उतारावर पुन्हा वर चढला होता. काल दिवसभरात असे पट्टे मी कितीतरी पाहिले असतील, पण ते मला केवळ डोंगराचे रंग वाटले होते.

भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. ग्रॅनाइटला गेलेल्या भेगांत खालून तप्त शिलारस घुसला आणि तिथेच थिजला, त्यापासून या काळ्या भिंती तयार झाल्या. इथे वर्षाला सरासरी १०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही, पण जो पडतो तो, आणि हिवाळ्यात शिखरांवर पडणारे बर्फ वितळून होणारे पाणी, ग्रॅनाइटच्या चिरांत मुरते आणि वादीतल्या वाळू-गोट्यांखालून हळूहळू उताराकडे झिरपत जाते. वाटेत आडव्या आलेल्या डाइकचा खडक बारीक कणांचा आणि दाट असतो, त्यातून पाणी सहज पार होत नाही. ते तिथे अडते आणि जमिनीखाली साठत राहते. कोणी न बांधलेला तो एक भूमिगत बांधच असतो.

विहीर कुठे खणायची याचे उत्तर त्यामुळे डोंगरानेच लिहून ठेवलेले असते, ते म्हणजे काळ्या रेषेच्या वरच्या अंगाला. खालच्या अंगाला दहा पावलांवर खणले तरी हाती कोरडी वाळू येईल, असे वाटाडे म्हणाले. त्यांनी मला विहिरीपाशी नेले. दोन पुरुष खोल, अरुंद, आतून दगडांनी बांधून काढलेली ती विहीर होती. त्यांनी पोहरा सोडला, तो अर्धाच भरून आला, आणि माझ्या हातात दोर देऊन ते बाजूला झाले. कालच्या कॅनइतके पाणी भरायला मला किती वेळ लागला ते मी मोजले नाही, पण दोराने तळहात लाल झाले होते आणि शेवटच्या दोन-तीन खेपांना पोहऱ्यात पाण्यापेक्षा गाळच अधिक होता. “आता दुपारपर्यंत तिला राहू द्यायचे, म्हणजे पुन्हा पाझर भरेल,” ते म्हणाले. विहिरीविषयी ते ज्या स्वरात बोलत होते, तो घरातल्या थकलेल्या माणसाविषयी बोलताना लागणारा स्वर होता.

विहिरीवरून काळ्या रबरी नळ्या बागेत गेल्या होत्या. प्रत्येक झाडाला स्वतंत्र आळे होते, आणि पाणी देताना एक आळे भरले की नळी उचलून पुढच्यात टाकायची, मधल्या जमिनीवर थेंबही पडू द्यायचा नाही, अशी रीत होती. बदामाच्या एका बुंध्यावर जुन्या कलमाची गाठ त्यांनी मला बोट फिरवून दाखवली. कलम बांधण्याची विद्या आपल्या लोकांनी मठातल्या साधूंकडून घेतली, असे ते मानतात. भिंतीची उंची शेळ्या आणि आयबेक्स नावाच्या जंगली बकऱ्या यांच्यापासून झाडे राखण्यापुरती आहे, माणसांसाठी तिची गरज नाही. बेदूईन माणूस आपले सामानसुमान झाडाला टांगून महिनोन्महिने निघून जातो आणि परत येईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही, हे त्यांनी अगदी सहज सांगितले.

न्याहारीनंतर जबल अब्बास बाशा चढलो. २,३८३ मीटर उंचीच्या या शिखरावर इजिप्तचा शासक पहिला अब्बास याच्या महालाच्या भिंती उभ्या आहेत. १८४८ ते १८५४ ही त्याची कारकीर्द होती, आणि त्याच्या मृत्यूनंतर बांधकाम जसे होते तसेच सोडून दिले गेले. हवा सर्वांत निरोगी कुठे आहे हे ठरवण्यासाठी निरनिराळ्या शिखरांवर मांस ठेवले गेले आणि जिथे ते सर्वांत उशिरा सडले तिथे महालाची जागा निवडली गेली, अशी कथा इथे सांगतात. ग्रॅनाइटचे चिरे आजही इतके सफाईदार बसलेले आहेत की त्यांवरून हात फिरवावासा वाटतो. वारा बोचरा होता, दृश्य अफाट होते, पण मी मात्र सारा वेळ त्या भिंतींकडे पाहत एकाच गोष्टीचा विचार करत होते, की इतके चिरे बसवणाऱ्या मजुरांना पिण्याचे पाणी खालून इथवर रोज कोणी आणि किती खेपा घालून आणले असेल.

दिवस तिसरा, वादी तलाह

चालणे मोठे झाले, गुडघे दुखत आहेत, त्यामुळे थोडक्यात लिहिते. वाटेत रानातल्या ओव्यासारख्या वासाचे एक बुटके झुडूप वाटाड्यांनी दाखवले. ते इथल्या थाइमची एक जात आहे, आणि अंगठ्याच्या नखाएवढे एक निळे फुलपाखरू आपली अंडी फक्त त्याच झुडपावर घालते. साऱ्या जगात ते फुलपाखरू केवळ याच पर्वतांत सापडते. आत्ता त्याचा हंगाम नव्हता. आम्ही झुडपाला वळसा घालून पुढे गेलो, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाने कोणी न सांगता तसाच वळसा घातला, हे पाहून मला फार बरे वाटले.

दुपारी गल्त अल-अझरक या निळ्या डोहापाशी पोहोचलो. गुळगुळीत ग्रॅनाइटच्या खोबणीत साठलेले इतके पाणी तीन दिवसांनंतर एकदम समोर आले तेव्हा कोणीच लगेच बोलले नाही. वाटाड्यांनी मगभर पाणी काढून काठापासून दूर जाऊन तोंड धुतले. मीही तसेच केले.

दिवस चौथा, उतरताना

आज पुढे चालण्याची पाळी माझ्याकडे होती, म्हणजे वाट वाटाड्यांनी सांगायची आणि वेग मी ठरवायचा. तासाभराने डावीकडच्या कड्यावर मला काळी रेषा दिसली. ती जिथे वादीत उतरत होती तिथून मी नजरेने वरच्या अंगाला सरकले आणि अंदाज केला होता तिथेच मला बागेची भिंत दिसली. मला मनापासून आनंद झाला. मागे वळून मी वाटाड्यांना म्हणाले, “तिथे विहीर असणार.”

“होती,” ते म्हणाले.

जवळ गेल्यावर कळले. आत दहा-बारा झाडे उभी होती, सगळी राखाडी. चार दिवस ज्या बागा आम्ही पाहिल्या त्या बहराने भरल्या होत्या आणि इथे मात्र एका फांदीवरही कळी नव्हती. लागोपाठ कोरडी वर्षे गेली, डाइकमागचा साठा खाली गेला, पोहरा आधी अर्धा भरून येऊ लागला, मग पाव, मग नुसती ओली वाळू, आणि घरातले लोक गावात राहायला गेले. काळी रेषा आपल्या जागी आहे, पण तिने अडवावे असे पाणीच वरून येत नाही. ही बाग कोणाची, असे मी विचारले नाही. त्यांनी झाडे ज्या क्रमाने ओळखून दाखवली, हा जर्दाळू, हे डाळिंब, हे दोन बदाम एकाच कलमाचे, त्यावरून मला विचारावेसे वाटले नाही.

भिंतीच्या कोपऱ्यात एक दगड निखळून खाली पडला होता. वाटाड्यांनी तो उचलला, त्याची बाजू फिरवून पाहिली, जागेवर ठेवला आणि तो हलत नाही याची तळव्याने दाबून खात्री करून घेतली. त्याच्या शेजारी आणखी दोन दगड पडले होते. त्यातला लहान मी उचलून त्यांच्या हातात दिला. मोठा आम्ही दोघांनी मिळून लावला, आणि मग खाली उंट थांबले होते तिकडे उतरू लागलो.