विसावं मैदान: तिसऱ्या खेपेला, घडीच्या सायकलवर

झालं एकदाचं! विसावं मैदान झालं. स्कोअर शून्य-शून्य, पायाची बोटं बधिर, पण पूर्ण नव्वद मिनिटं आणि वरची आठ मिनिटं, शेवटच्या शिट्टीपर्यंत टेरेसवर, म्हणजे प्रेक्षकांच्या उभ्याच्या पायऱ्यांवर, उभं राहून. मंगळवारी रात्री पावणेबाराला घरी पोचले आणि बुधवारी सकाळी सातच्या ड्युटीला वेळेवर हजर होते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी नियम पुन्हा सांगते. इस्थमियन प्रीमियर, म्हणजे लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधली सातव्या पायरीवरची फुटबॉल लीग. बावीस टीम, म्हणजे एका मोसमात आमच्या टीमच्या २१ अवे मॅच, दुसऱ्यांच्या मैदानांवरच्या. सगळ्या बघायच्या, मोटारगाडी न वापरता, आणि पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. मधेच निघालं तर मैदान मोजायचं नाही. लुइस गावचं ड्रिपिंग पॅन हे मैदान सगळ्यात सोपं गेलं, स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांत त्या गवताळ बांधावर. कॅन्व्ही आयलंडला बेनफ्लीट स्टेशनात उतरून बस, तेही जमलं. अडकलं ते विसावं, केंटच्या किनाऱ्यावरचं. त्या क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मॅच रद्द झाल्या त्यात त्यांचा दोष नव्हता, आणि शनिवार-शनिवार फुकट राबणाऱ्या माणसांकडे कुणी बोट दाखवलेलं मला चालणार नाही. फिक्स्चर पाठ असणाऱ्यांना कळेलच.

पहिली खेप डिसेंबरमधली. रात्री कडक गारठा पडलेला, पण सकाळी निरभ्र आकाश, लख्ख ऊन. मी बारालाच मैदानावर पोचले. तीन चतुर्थांश पिच मऊ, हिरवंगार, काही दोष नाही. मुख्य स्टँडच्या बाजूला मात्र टचलाइनला (पिचच्या कडेच्या रेषेला) लागून एक पांढरट पट्टा. रेफरीने तिथे बुटाची टाच दाबली. रुतली नाही. चार पावलं पुढे जाऊन पुन्हा दाबली. ठक्क असा आवाज आला, फरशीवर येतो तसा. साडेबाराला मॅच रद्द.

ऊन असताना मॅच रद्द कशी होते, हे मला परतीच्या ट्रेनमध्ये बसून कागदावर मांडल्यावर कळलं. तो स्टँड दक्षिणेला आहे. डिसेंबरच्या मध्याला लंडनच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. पाच मीटर उंचीच्या छपराची सावली तेव्हा १८-१९ मीटर लांब पडते, आणि तीही दिवसातली सर्वांत आखूड. म्हणजे त्या पट्ट्यावर दिवसभरात ऊन पडतच नाही. कोल्हापुरात त्याच दिवशी सूर्य ५० अंशांवर असतो. शाहू स्टेडियमवर सावलीत जागा मिळावी म्हणून भांडणारी माणसं आम्ही, सावलीमुळे मॅच जाईल हे डोक्यात येणार कसं? तेव्हापासून प्रत्येक मैदानाचा स्टँड कुठल्या दिशेला आहे हे मी वहीत लिहून ठेवते. या छंदातलं या वर्षीचं माझं सर्वांत उपयोगी काम तेच आहे असं मी मनापासून म्हणते.

दुसरी खेप जानेवारीची, पावसाची. सकाळी दहाच्या इन्स्पेक्शनला पिच पास. एकला मी मैदानावर. दीडपासून जी सर लागली ती थांबेना. आठ-दहा स्वयंसेवक बागकामाचे काटे घेऊन गोलसमोर जमीन टोचत होते, पाणी खाली उतरावं म्हणून. त्यातल्या एक आजी सत्तरीच्या पुढच्या असतील, रेनकोटची टोपी मागे पडलेली, तरी टोचतायत. दोन वीसला रेफरी चेंडू घेऊन आत गेला. कमरेच्या उंचीवरून सोडला, उसळला नाही. मग जमिनीलगत ढकलला, दोन मीटरवर चिकटून थांबला. तिथेच निकाल.

टी-हटमध्ये, म्हणजे मैदानावरच्या चहा-खाण्याच्या टपरीत, त्या वेळी दोनशे-अडीचशे माणसांचे पाव कापून तयार होते. आपलं तिकीट पुढच्या मॅचला चालतं, आपण घरी जातो. त्या क्लबचा मात्र शनिवारचा गल्ला गेला, आणि मंगळवारी रात्री त्याच मॅचला निम्मी माणसंही येत नाहीत. मी खऱ्या गवताची कट्टर बाजू घेणारी, पण त्या दुपारनंतर थ्री-जी, म्हणजे कृत्रिम गवताच्या पिचबद्दलचं माझं मत बदललं आहे. या पायरीवरच्या क्लबला कृत्रिम गवत परवडत असेल तर त्याने जरूर घालावं. आठवडाभर पोरांना भाड्याने देता येतं, मॅच रद्द होत नाहीत. वर चढल्यावर पंचाईत होते हे मान्य. सटन युनायटेड २०२१ मध्ये वरच्या इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये गेले तेव्हा त्यांना चांगलं चालणारं थ्री-जी उखडून गवत लावावं लागलं, कारण तिथे ते चालत नाही. हा नियम बदलायला हवा.

आता मुख्य दुखणं. पुढे ढकललेली मॅच म्हणजे मंगळवार, पावणेआठचा किकऑफ. मैदान ते स्टेशन पायी २७ मिनिटं, मी दोनदा मोजलेली. त्या वेळी बस तासाला एक, तीही उलट्या दिशेची. लंडनची शेवटची हायस्पीड गाडी १०:०६. सगळं वेळेवर झालं तर मॅच ९:३५ च्या आसपास संपते. म्हणजे शिट्टी वाजल्याबरोबर पळत सुटलं तर चार मिनिटं शिल्लक. एका दुखापतीला फिजिओ आत आला की ती चार मिनिटं संपली.

तीन आठवडे हेच गणित. सपोर्टर्सच्या मिनीबसमध्ये एक जागा होती, आपलीच माणसं, प्रेमाने बोलावत होती. पण मग गाडी न वापरण्याचा नियम गेला. मुक्काम करावा तर बुधवारी सकाळची ड्युटी, आणि फेब्रुवारीतही किनाऱ्यावरची खोली माझ्या महिन्याच्या मॅच-बजेटएवढी. टॅक्सी हीही मोटारगाडीच. दहा मिनिटं आधी निघावं असं दोघा-तिघांनी सुचवलं, तुम्हीही कदाचित हेच म्हणाल. ते मला शक्य नव्हतं. दोनदा येऊन रिकाम्या हाताने गेलेल्या मैदानावर अर्धवट मॅच बघून खूण करायची, हे मनाला पटेना.

रियलटाइम ट्रेन्सवर मी आठ दिवसांच्या गाड्या तपासल्या, १०:०६ कधी उशिरा सुटते का बघायला. (गाडी प्रत्यक्षात कुठे आहे, किती उशिरा आहे, कुठल्या फलाटावर येतेय, यासाठी दुसरं काही वापरूच नका.) आठपैकी सात दिवस ती अगदी वेळेवर होती.

उत्तर शेवटी मामाकडून आलं. रविवारी फोनवर मी हे सगळं रडगाणं सांगत होते. मामा कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतला, पाटाकडील-दिलबहार ही तिथल्या दोन तालमींची फुटबॉल मॅच कधी न चुकवलेला. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, दोन-अडीच किलोमीटर हाय न्हवं? मग सायकल का न्हेत न्हाईस? आमी काय हेलिकॉप्टरनं जायचाव व्हय मॅचला?"

सायकल! मोठी सायकल घेऊन गर्दीच्या वेळी गाडीत चढता येत नाही, म्हणून मी तो विचार कधीच बाजूला टाकला होता. घडीची सायकल मात्र कुठल्याही वेळी चालते, वेगळं तिकीट नाही, आरक्षण नाही. सामानासारखी ठेवायची. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या एका सहकाऱ्याची ब्रॉम्प्टन घरात धूळ खात होती, तीन गिअरची, १६ इंची चाकांची. ती मागून आणली. दोन वर्षांपूर्वी मी एक स्वस्तातली घडीची सायकल घेतली होती, तिची बिजागरी दोन महिन्यांत खिळखिळी झाली. ब्रॉम्प्टन हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो. मागचं चाक खाली सरकतं, पुढचं बाजूला येतं, हँडल पडतं, सीट खाली गेली की सगळं जाग्यावर कुलूप लागल्यासारखं बसतं. शनिवारी रात्री स्वयंपाकघरात मी चाळीस वेळा उघड-मीट केली. दीड मिनिटावरून २५ सेकंदांवर आले.

मंगळवारी दुपारी निघाले. नेटवर्क रेलकार्डची (आग्नेय इंग्लंडमधल्या रेल्वे सवलतीच्या कार्डाची) आठवण करून देते: आठवड्याच्या दिवसांत सकाळी दहानंतरच चालतं आणि किमान भाडं १३ पौंड, त्यामुळे जवळच्या मॅचना उपयोग नाही, पण एवढ्या लांब जाताना तिसरा हिस्सा वाचतो. गेटवरच्या काकांनी मला ओळखलं. "तुम्हीच ना, दोन्ही वेळा आलेल्या?" म्हणाले, आणि सायकल टर्नस्टाइलच्या (फिरत्या फाटकाच्या) आत, प्रोग्राम, म्हणजे मॅचची माहितीपुस्तिका, विकायच्या टेबलाखाली ठेवू दिली. कागदी प्रोग्राम होता, छापील, स्टेपल मारलेला. जे क्लब अजून कागदावर छापतात त्यांच्याकडून प्रत्येकाने एक तरी विकत घ्यावा. क्यूआर कोड कपाटात ठेवता येत नाही. पिन बॅजही मिळाला, विसावा.

आणि मग कळलं की आमच्या टीमची बस एम-२० मोटरवेवर अडकली आहे. किकऑफ आठला. फळ्यावर हाताने लिहिलेली टीमशीट होती, मार्करने, आमच्या लेफ्ट-बॅकच्या नावात एक अक्षर चुकलेलं. त्यासमोर उभी राहून मी पुन्हा गणित केलं. आठचा किकऑफ म्हणजे शेवट ९:५० च्या पुढे. पायी जायचं असतं तर ७९व्या मिनिटाला निघावं लागलं असतं. सायकलने आठ मिनिटं, रस्ता समुद्राकडे उताराचा. जमेल.

मॅचबद्दल फार लिहीत नाही. वारा समुद्रावरून सरळ पिचवर, गोलकिकचा चेंडू हवेत थांबून परत यायचा. हाफटाइमला आम्ही नेहमीप्रमाणे टोक बदललं, दुसऱ्या गोलमागे गेलो. या पायरीवर कुणी अडवत नाही, दोन्हीकडचे लोक वाटेत एकमेकांना ओलांडून जातात, हातात चहा नाहीतर बिअर. आमच्या सोळा नंबरच्या पोराने, एकोणीस वर्षांचा असेल, ८८व्या मिनिटाला गोललाइनवरून एक चेंडू डोक्याने काढला आणि पोस्टवर आदळला. उठला तेव्हा भुवईतून रक्त. फिजिओ आत, सहा मिनिटं वाढली. पट्टी बांधून तो पुन्हा उभा राहिला आणि टेरेसवरच्या आम्ही पस्तीस-चाळीस जणांनी त्याच्या नावाचा जो गजर केला तो मला पुष्कळ दिवस पुरेल. ७९व्या मिनिटाला निघाले असते तर हे दिसलं नसतं.

९:५३, शिट्टी. काकांनी टेबलाखालून सायकल आधीच काढून ठेवली होती. उघडायला २३ सेकंद, आजवरचा माझा विक्रम. उतारावर वारा समोरून. १०:०३ ला स्टेशन, घडी घातली, फलाटावर श्वास घेतला, गाडी आली. डब्यात सायकल सीटमागच्या फटीत बसली. मामाला मेसेज टाकला, मग लक्षात आलं तिकडे पहाटेचे साडेतीन वाजलेत.

पुढच्या मोसमाचा बेत मी मागच्या नोंदीत जाहीर केला होता: हीच लीग पुन्हा, उलट्या क्रमाने. तो आता बदलते. गाडीत बसल्याबसल्याच सुचलं की सायकल असेल तर स्टेशनापासून तीन-चार मैलांवरची मैदानंही आवाक्यात येतात. मग एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेची अगदी पहिली, ऑगस्टमधली एक्स्ट्रा प्रिलिमिनरी फेरी घ्यायची, एक मॅच बघायची, जो जिंकेल त्याच्या मागे पुढच्या फेरीला, मग त्याला जो हरवेल त्याच्या मागे. पुष्कळ जणांनी हे केलंय, पण गाडीशिवाय सगळ्या फेऱ्या करायच्या आहेत. तिघे जमलो तर ग्रुपसेव्हमध्ये (रेल्वेच्या गट-सवलतीत) तिसरा हिस्सा वाचतो, घडीची सायकल असलेल्या दोघांनी नाव द्यावं. आणि पुढचा दिवा बदलायला हवा. माझा दिवा मी दिसावी एवढ्यापुरता ठीक आहे, किनाऱ्यावरच्या अंधाऱ्या रस्त्यातले खड्डे त्यात दिसले नाहीत.

ब्रॉम्प्टन परत करायची होती. सहकाऱ्याने किंमत सांगितली आहे, मी पगारापर्यंत मुदत मागितली.

एकविसावं मैदान या शनिवारी, उत्तर लंडनमध्ये, खरं गवत. शुक्रवारी रात्री उणे दोनचा अंदाज आहे. वही काढून बघितली. तिथला मुख्य स्टँड उत्तरेला आहे, आणि फेब्रुवारीच्या अखेरीला सूर्य दुपारी ३० अंशांपर्यंत येतो. त्याची सावली पिचवर नाही, कार पार्कवर पडेल.