उघडा कान

दुपारी तीनला मंगल कार्यालयात कुणी नसतं. खुर्च्या एकीवर एक रचलेल्या, स्टेजवर झेंडूच्या पाट्या. कोपऱ्यात डीजे उभा असतो. डीजे म्हणजे माणूस; हल्ली आपल्याकडे हा शब्द मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीलाच चिकटल्यामुळे एवढं सांगावं लागतं. हेडफोनची एक वाटी कानावर, दुसरी कानामागे ढकललेली, मान वाकडी. हॉलमध्ये एक गाणं चाललंय आणि याचा पाय भलत्याच ठेक्यावर हलतोय.

ती मान ओळखीची आहे. गाणं रंगात आलेलं असताना तबलजी हळूच वाकतो, तबल्याच्या गजऱ्यावर हातोडी टेकवतो आणि उतरलेला सूर चढवून घेतो, तेव्हा त्याची मान अशीच असते.

या वाकड्या मानेचं मूळ मिक्सरवरच्या, म्हणजे गाणी एकमेकांत मिसळायच्या यंत्रावरच्या, छोट्या क्यू बटणात आहे. ते दाबलं की फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, पार खाली असला तरी त्या चॅनलवरचं, म्हणजे मिक्सरच्या त्या वाटेवरचं, गाणं हेडफोनात येतं, कारण आवाज फेडरच्या आधीच उचललेला असतो. बाहेर कुणाला पत्ता नाही. क्यू म्हटलं की टेपरेकॉर्डर आठवतो. प्ले चालू असताना ते बटण दाबून धरलं की फीत भराभर पळायची आणि गाण्याच्या चिमण्या व्हायच्या. चिवचिव थांबली की दोन गाण्यांमधली मोकळी जागा आली. पुढचं आधी ऐकून ठेवायची हौस तीच. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ग्रँडमास्टर फ्लॅशच्या मिक्सरला ही सोयच नव्हती. त्याने साधा खटक्याचा स्विच आणून मिक्सरवर चिकटवला आणि भागवलं.

क्यूमध्ये फसवणूकही आहे. हेडफोनचा आवाज मोठा ठेवला की गाणं दणदणीत वाटतं आणि माणूस गेन, म्हणजे चॅनलमध्ये शिरतानाच्या आवाजाची पातळी, कमी ठेवतो. गेन कानाने लावूच नये, चॅनलच्या मीटरवर लावावा: गाण्याचा सगळ्यात जोरकस तुकडा वाजवायचा, दिवे शून्याच्या आसपास पोचले की थांबायचं. चॅनल लाल झाला आणि आवाज तिथेच फाटला, तर मास्टर, म्हणजे बाहेर जाणारा एकूण आवाज, खाली घेऊन काही होत नाही. फाटलेलाच आवाज हळू येतो. तबकडीचं टर्नटेबल लाइनवर ठेवलं तर आवाज मच्छरासारखा, लॅपटॉप फोनोवर लावला तर बेसचा चिखल. फोनो टर्नटेबलच्या नाजूक आवाजासाठी, लाइन बाकीच्यांसाठी; मिक्सरचा हा मागचा स्विच आधी बघावा.

मग ठेका. एक गाणं मिनिटाला १२८ ठोक्यांचं, दुसरं १२८.५चं, आकडा जवळजवळ सारखाच, पण मिनिटभरात अर्ध्या ठोक्याचं अंतर पडतं आणि दोन ढोल एकमेकांच्या मधे पडायला लागतात. हे बाहेर जाण्याआधी हेडफोनात कळलं पाहिजे. क्यू आणि मास्टरमधली घुंडी मधोमध ठेवली की दोन्ही गाणी कानात एकत्र येतात. नुसत्या उघड्या कानावर विसंबायचं, तर मुख्य स्पीकर १० मीटरवर असला की आवाज सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि 'धड'चं 'धडड' व्हायला तेवढं पुरतं. म्हणून मॉनिटर, म्हणजे डीजेपुरता एक छोटा स्पीकर, डोक्याशी हवाच. तो न देणाऱ्या कार्यालयांबद्दल न बोललेलं बरं.

बेस एका वेळी एकाचाच. नवीन गाणं लो, म्हणजे बेसची घुंडी, पूर्ण बंद करून आत घ्यायचं, आणि सम येईल तिथे एका हाताने जुन्याचा लो उतरवून दुसऱ्याने नव्याचा सरळ करायचा. दोन्ही उघडे राहिले तर कुठे ढोल दुप्पट, कुठे गायब.

आणि काम झालं की जुना क्यू बंद करावा! क्यूचे तीन दिवे पेटलेले राहिले की कानात खिचडी होते. बाहेर सगळं ठीक चाललेलं असतं, हा मात्र घाबरून नको तो फेडर ओढतो आणि हॉल गप्प होतो.

संध्याकाळी पैठण्या, शेरवानी आणि चारशे माणसं आत आली की वरचे सूर त्यांच्यातच मुरतात. दुपारी बेतलेला हाय पुन्हा थोडा चढवावा लागतो. पुढचं गाणं कानात तयार असतं, सम आठ ठोक्यांवर आलेली असते. नेमके तेव्हा नवऱ्या मुलाचे काका येतात आणि उघड्या कानाशी तोंड नेऊन फर्माईश सांगतात.