फिर्यादीत नातीचे नाव

सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत मी शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीतली एक मुलगी परतली नाही, म्हणून मी तिच्या पाड्यावर गेलो. शेजारचे तान्हे मूल दगावल्यापासून तिच्या आजीला डाकीण ठरवले होते, आणि ही विद्या आजीकडून नातीकडे उतरते असे भगताने सांगितल्यामुळे नऊ वर्षांच्या त्या मुलीलाही हापशीवर पाणी भरू देत नव्हते. तिच्या दंडावर काठीचे वळ होते.

पोलीस ठाण्यात नुसता अर्ज ठेवून घेऊन आम्हाला परत पाठवण्याची तयारी होती. मी 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची प्रत सोबत नेली होती. चेटूक केल्याच्या नावाखाली मारहाण करणे आणि रोजच्या व्यवहारांवर बंदी घालणे, ही दोन्ही कृत्ये त्याच्या अनुसूचीत आहेत, गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे आणि शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत आहे, हे मी वाचून दाखवले. रात्री उशिरा गुन्हा नोंदवला गेला. मात्र फिर्याद वाचताना मला धक्का बसला. पीडित म्हणून एकट्या आजीचे नाव होते आणि मुलीचा उल्लेख ‘सोबत नात हजर’ एवढाच होता. वळ तिच्याही अंगावर होते. पुरवणी जबाब आणि वैद्यकीय तपासणी होईपर्यंत आम्ही तिथून हललो नाही. आजीसाठी एक कायदा होता. मुलीसाठी बाल न्याय अधिनियमाचे, म्हणजे मुलांच्या काळजी व संरक्षणासाठीच्या कायद्याचे, दारही उघडे होते आणि ते कोणी आपण होऊन दाखवले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केल्यावर पुढची वाट कळली. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. पहाटे जीपने घाट उतरून आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचलो. समितीपुढे पहिला विचार बालगृहाचा झाला. मुलीला पाड्यावरून कायमचे हलवले तर भगताचेच म्हणणे खरे ठरले असे लोक समजतील, आणि आजीचा पदर तिने रात्रभर सोडला नव्हता, हे दोन्ही मी सांगितले. चौकशी होईपर्यंत तिला मावशीकडे ठेवण्याचा आणि शाळा न तोडण्याचा आदेश मिळाला. सामाजिक तपासणीसाठी, म्हणजे मुलाच्या घरची व भोवतालची परिस्थिती पाहण्यासाठी, कायद्यात 15 दिवस आहेत; अधिकारी खरोखरच पाड्यावर आले आणि मुलीशी एकटीशी, तिच्याच बोलीत बोलले.

पुढे पोलीस पाटलांच्या समोर आजीने हापशीवर हंडा भरला आणि नातीने आपली कळशी. खटला अजून सुरू व्हायचा आहे. मुलीची साक्ष भगताच्या समोरासमोर होऊ नये, यासाठीचा विनंतीअर्ज मी सरकारी वकिलांकडे देऊन ठेवला आहे.