तुम्ही विचारलंत म्हणून: ऑटोमॅटिक काढून क्लच का घातला

भेटेल तो हेच विचारतो. लोक जास्त पैसे मोजून ऑटोमॅटिक घेतात आणि तू पिकअपमधला धडधाकट ऑटोमॅटिक उपटून क्लच घातलास? हो, घातला. आजवर "ओव्हरड्राइव्हसाठी" (इंजिन हळू फिरूनही गाडी तेवढीच पळवणारा वरचा गिअर) एवढंच म्हणून सुटका करून घ्यायचो, आज नीट सांगतो.

आकडे आधी. गाडीत टर्बो ४०० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता, तीन गिअर, तिसरा सरळ १:१, कन्व्हर्टरला (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप, म्हणजे थेट जोडणारं कुलूप, नाही. मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो ४.१०, टायर ३१ इंची, म्हणजे ताशी १०० ला २७५० च्या आसपास आरपीएम, वर कन्व्हर्टरची स्लिप, म्हणजे तेलातली घसर, वेगळी. लांबच्या रस्त्याला इंजिन सतत बोंबलतंय. मी घातलेल्या एनव्ही ४५०० या क्लचवाल्या गिअरबॉक्सचा पाचवा ०.७३, त्याच स्पीडला आरपीएम २००० वर येतो. इथपर्यंत कुणी वाद घालत नाही.

मग एखादा हुशार निघतोच, की अरे ओव्हरड्राइव्हवाला ऑटोमॅटिक का नाही टाकलास? मी लगेच सुरू, ७००आर४ या ऑटोमॅटिकची टीव्ही केबल (थ्रॉटलप्रमाणे आतलं तेलाचं प्रेशर ठरवणारी) जरा चुकली की प्रेशर कमी पडून आतले क्लच जळतात, ४एल८०ई या दुसऱ्या ऑटोमॅटिकला वेगळा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लागतो. दोन्ही खरंय. पण केबल नीट सेट करता येते आणि कंट्रोलर विकत मिळतो, आणि एवढं करूनही माझ्या उद्योगापेक्षा काम कमीच झालं असतं. इथे पेडल, मास्टर सिलिंडर, त्यासाठी फायरवॉलला भोक, ऑटोमॅटिकची पातळ फ्लेक्सप्लेट काढून क्लचसाठी जड फ्लायव्हील, नवी बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), क्रॉसमेंबर मागे सरकवा, प्रोपेलर शाफ्ट पुन्हा मापाने करून घ्या.

आणि हे सगळं परवडलं म्हणायची वेळ आली ती गिअरबॉक्स चढवताना. बिडाचं धूड, ९० किलोच्या घरात, जॅकवर तोलून वर नेलं, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचे स्प्लाइन (खाचा) क्लचप्लेटमध्ये गेले, आणि बेलहाउसिंगला टेकायला बोटभरसुद्धा नाही एवढी फट राहिली. हलवलं, शाफ्ट फिरवून पाहिला, फट तेवढीच. मदतीला आलेला मित्र म्हणाला बोल्ट लाव आणि आवळत जा, बसेल. मी नाही म्हणालो. शाफ्टचं टोक आत कुठे टेकलेलं असेल तर बोल्ट आवळून क्रँकशाफ्ट पुढे ढकलला जाणार आणि त्याला पुढेमागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग जाणार, मग गिअरबॉक्स राहिला बाजूला, इंजिनच खोला. तो म्हणाला तुला नुसतं वाचून वाचून भीती बसलीये. दोघंही तेलाने माखलेले, उपाशी, जाम वाजलं आमचं, तो निघून गेला. मी एकट्याने ते धूड खाली उतरवलं, पायलट बुशमधून (क्रँकच्या मागच्या भोकातलं, शाफ्टचं टोक धरणारं बुश) आत चिकणमाती भरली, परत चढवलं, परत उतरवलं. मातीवर टोकाचा ठसा स्वच्छ उमटलेला. ऑटोमॅटिकसाठीच्या काही क्रँकना ते भोक पूर्ण खोल केलेलंच नसतं, कन्व्हर्टरला गरजच नाही ना त्याची. शेवटी शाफ्टचंच टोक कापायचं ठरलं. चांगल्या हार्डन केलेल्या शाफ्टला ग्राइंडर लावताना काय वाटतं ते ज्याने लावलाय त्यालाच विचारा. थोडं घास, व्हर्नियरने मोज, परत घास. नंतर मात्र हाताने ढकलला आणि बसला, एकही बोल्ट न आवळता. मित्राला हे अजून पटलेलं नाही.

तर इतकं कशाला? मला क्लच हवा होता, बस. पाय काढला की इंजिन आणि चाक थेट जोडलेलं हवं होतं, मधे तेल नको. आधीचा मी हे कबूल करायचा नाही, त्याला आकड्यांचा आडोसा लागायचा.

त्रास आहेच. पहिला गिअर ५.६१ चा, फारच हळू, रिकामी गाडी दुसऱ्यावरच उचलायची, म्हणजे कामाचे गिअर चारच. दुसरा ३.०४ आणि तिसरा १.६७, चढाला माल असेल तर या दोघांमधला खड्डा चांगलाच जाणवतो. ट्रेलर लावून चढावर गाडी हलवताना कन्व्हर्टरची आठवण येते, ट्रॅफिकमध्ये डावा पाय शिव्या घालतो. इंजिन ब्रेकिंगचं म्हणाल तर ऑटोमॅटिकलाही खालचा गिअर लावता यायचा, तोही मुद्दा फार ताणता येत नाही.

आणि मायलेज किती वाढलं ते विचारूच नका, त्याच सुमारास कार्ब्युरेटरही बदललाय, त्यामुळे कशाने किती फरक पडला ते मलाच सांगता येत नाही.